हॉर्नने खाल्लेलं अर्धं वाक्य

शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी हिंगोलीतल्या एका इंग्रजी शाळेच्या फाटकात राजनंदिनी मॅडमनी सेवा राठोडला त्याच्या मुलीबद्दल एक वाक्य सांगितलं. त्यातलं निम्मं त्याच्या कानावर पडलं. उरलेलं निम्मं त्याच्याच जीपच्या हॉर्नने खाल्लं.

सेवा गोरेगाव ते हिंगोली जीप चालवतो. मुलगी दीपा चौथीत आहे. ती रोज पुढच्या सीटवर खिडकीशी बसून शाळेत येते. तिला सोडायला जीप शाळेपाशी थांबते आणि मागचे प्रवासी घड्याळाकडे बघत कुरकुरतात. त्या दिवशी मागे सटवाजी बसला होता. त्याची हळद मोंढ्यात लिलावाला लागणार होती आणि आपल्यावाचून तिला कोणी भाव देणार नाही असा त्याचा समज होता. सेवा फाटकात उभा राहिलेला पाहून त्याने मागून पुढे वाकून हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"मिस्टर राठोड, युवर दीपा इज सो ब्लाइथ..." इथपर्यंत सेवाला ऐकू आलं. पुढे मॅडमचे ओठ हलले, उजवा हात हवेत वर गेला, काही तरी उडवून दिल्यासारखा. मग प्रार्थनेची घंटा झाली आणि मॅडम आत गेल्या. दीपा तर कधीच आत पळाली होती.

"थँक्यू मॅडम," सेवा म्हणाला. जे ऐकलंच नाही त्याचे त्याने आभार मानले.

एरवी त्याने ते सोडून दिलं असतं. मॅडम फाटकात पालकांशी इंग्रजीतच बोलायच्या, शाळेचा तसा नियम होता. प्रवेशाच्या वेळी "इंग्रजी येतं का" असं विचारल्यावर सेवाने "थोडं थोडं" असं सांगितलं होतं, आणि त्या थोड्या थोड्यावर तो तीन वर्षं मान हलवत आला होता. पण या वाक्यावर मुलीची शाळा अडकली होती.

झालं होतं असं. दिवाळीनंतर एकदा मधल्या सुट्टीत दीपाला रेल्वेची शिटी ऐकू आली. ती फाटकातून निघाली ती थेट स्टेशनवर. सगळी शाळा शोधत सुटली, तेव्हा ती फलाटावरच्या बाकावर पेरू खात गाडीची वाट बघत होती. हेडबाईंकडून घरी आलेलं हे पहिलं बोलणं. दुसरं जानेवारीत. गणिताचा पेपर निम्मा सोडवून तिने उरलेल्या पानावर घरची शेळी काढली होती. का म्हणून विचारलं तर म्हणाली, गणितं संपायच्या आधी कंटाळा आला. शेळी चांगली आली होती, हे हेडबाईंनीही मान्य केलं, पण बोलायचं ते बोलल्याच.

तेव्हा सेवाच्या आईने, पारुबाईने, चुलीपुढे बसून निकाल दिला होता. "तिसरं बोलणं आलं की जूनपासून पोरगी तांड्यावरच्या शाळेत. इथं माझ्या नजरेपुढं राहील. तिकडं रस्ता हाय, रेल्वे हाय. एक दिवस ही हसत हसत गाडीखाली जाईल आन् आपण पेरू शोधत बसू."

पारुबाई वाकडी बाई नव्हे. नातीवर तिचा जीव होता म्हणूनच ती घाबरली होती, आणि तिचं घाबरणं चूक आहे असं सेवालाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. तो स्वतः घोर लावून घेणारा माणूस. रोज निघायच्या आधी चारही चाकांना लाथ मारून बघणारा. पण दीपा शेजारी बसून पायाने ताल धरत काही तरी गुणगुणायला लागली की त्याच्या मानेतला ताण सैल व्हायचा. ती सीट रिकामी झाली तर काय, हा विचार तो रस्त्यातल्या खड्ड्यासारखा टाळत असे.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. मॅडम म्हणाल्या ते बोलणं होतं की कौतुक?

*

अकरा वाजता शाळा सुटली. सेवा फाटकात पोचेपर्यंत मॅडम डोंगरकड्याला, त्यांच्या गावी, निघून गेल्या होत्या. सेवाने फोन लावला. लागला नाही. जीप भरली, दीपा पुढे बसली आणि परतीची फेरी निघाली. मागे सटवाजी होताच. हळदीला भाव बरा मिळाल्यामुळे तो आता सगळ्या जगाला मदत करायला मोकळा होता. त्याच्या शेजारी भागवत होता. गोरेगावात त्याचं मोबाइलचं दुकान, हिंगोलीतून माल घेऊन चालला होता.

"भागवतराव," सेवाने आरशातून विचारलं, "बी लाईट म्हणजे काय हो?"

"बी लाईट?" सटवाजी म्हणाला. "पोरगी बी लाईट? म्हणजे आणखी कोण लाईट हाय?"

"मॅडम म्हणल्या. दीपा लई बी लाईट हाय म्हणून."

भागवतने फोनमध्ये बोटं मारली. "बी लाईट. हलके व्हा."

"घ्या," सटवाजी म्हणाला. "या पोरीचं वजन ते केवढं. आजून किती हलकं व्हायचं तिनं? सेवा, शाळेत डबा बराबर देता ना लेकराला?"

"हलकी म्हणल्या असतील तर वाईटच की," सेवा पुटपुटला. आपल्याकडे माणसाला हलकं म्हणणं ही शिवी आहे.

"बी लाईट न्हाई, बापू," दीपा खिडकीबाहेर बघतच म्हणाली. "ब्लाइथ. जीभ दातात धरायची. थाळीतला थ."

 सटवाजीने लगेच दातात जीभ धरून बघितली. त्याचे पुढचे दोन दात गेलेले, त्यामुळे नुसतीच हवा निघाली.

"तुला ठाऊक हाय शब्द?" सेवाने विचारलं.

"मॅडमनी फळ्यावर लिहिला होता. बी, एल, आय, टी, एच, ई."

"मंग अर्थ सांग की."

"अर्थाच्या टायमाला मी बाहेर बघून राहिले होते," दीपा म्हणाली. "पारव्यानं घरटं केलंय खिडकीवर."

भागवतने आता बरोबर स्पेलिंग टाकलं आणि मोठ्याने वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा झाला. "अर्थ एक. आनंदी, मजेत असलेला, कसला घोर नसलेला."

"बघा!" सेवा म्हणाला आणि नकळत त्याने जीपचा वेग वाढवला.

"थांबा. अर्थ दोन. ज्याची फिकीर करायला पाहिजे त्याचीही न करणारा. बेपर्वा."

जीपचा वेग पुन्हा खाली आला.

"एकाच शब्दाला दोन्ही?" सटवाजीला ते पटेना. "इंग्रज लोक बोलतात तरी कसं मग? शाबासकी दिली का शिवी घातली, ऐकणाऱ्याला समजावं कसं?"

"वापरावर हाय म्हणतात," भागवतने खाली सरकवत वाचलं. "माणसाचा सोभाव सांगताना, गाणं, हसणं असलं काही आलं तर बहुतेक पहिला अर्थ. आन् अमक्या गोष्टीबद्दल ब्लाइथ, तमक्या धोक्याबद्दल ब्लाइथ, असं पुढं काही जोडलं तर दुसरा."

"म्हणजे पुढं बाई काय म्हणल्या त्याच्यावर सगळं हाय," सटवाजी म्हणाला. "सेवा, पुढं काय म्हणल्या?"

सेवाने आरशातून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पुढचं तुमच्या हॉर्ननं खाल्लं, सटवाजी मामा."

त्यानंतर सेनगाव येईपर्यंत सटवाजी रस्त्याकडेची झाडं मोजत राहिला. ते आलं तेव्हा त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई बोलताना हसत होत्या का?"

"डोळ्यावर ऊन होतं त्यांच्या. तोंड आकसलं होतं. हसू का ऊन, कळलं न्हाई."

"आन् हात?"

"हात असा केला." सेवाने स्टेअरिंगवरून एक हात उचलून हवेत उडवला.

"हे कौतुकच हाय," सटवाजी म्हणाला.

"हे 'जाऊ द्या, हिचं काही खरं न्हाई' असं बी असू शकतं," भागवत म्हणाला. दीपाने मागे वळून दोघांच्या हातांकडे बघितलं, तिला ते आवडलं, आणि गोरेगाव येईपर्यंत ती स्वतःच हवेत हात उडवत बसली.

*

गोरेगावजवळच्या तांड्यावर, घरी पोचल्यावर पारुबाईने पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारलं, "आज काय म्हणली बाई?"

सेवाला खोटं बोलता आलं असतं. पहिला अर्थ तोंडावर तयार होता. पण आईने सरळ विचारलं की त्याला सरळच बोलता यायचं.

"बोलणं आलं का न्हाई, तेच कळंना, याडी," तो म्हणाला, आणि हॉर्नपासून सटवाजीच्या दातांपर्यंत सगळं सांगितलं.

त्याची बायको मिना भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. पोरीने त्या शाळेत जावं म्हणून सगळ्यात जास्त भांडली होती ती. "लेकराच्या शाळेचा निकाल तुमी अर्धा ऐकून आलात?" ती म्हणाली. "बाजारात मिरचीचा भाव तर चारदा विचारता."

"बाई आत गेल्या."

"मंग तुमी बी जायचं आत. काहून, फाटकाला कुत्रं बांधलंय का?"

सेवा चपला काढायला वाकला. आत जायचं म्हणजे विचारायचं, विचारायचं म्हणजे 'थोडं थोडं' उघडं पडणार. हे कारण तांड्यावर फक्त मिनाला ठाऊक होतं, आणि तिने ते सासूपुढे काढलं नाही.

पारुबाईने तांब्या दिला. "पुरं वाक्य आण," ती म्हणाली. "अर्ध्यावर मी कुणाची शाळा बंद करत न्हाई. पण अर्ध्यावर चालू बी ठेवत न्हाई."

*

रविवारी सकाळी मॅडमचाच फोन आला. मागे धडधड आवाज येत होता. शेतात हळद शिजवणं चालू आहे, काल फोन घरीच राहिला, असं त्या म्हणाल्या. त्या मराठीत बोलत होत्या, आणि ते मराठी ऐकून सेवा चकितच झाला. शाळेच्या फाटकातल्या मॅडम आणि या मॅडम दोन वेगळ्या बाया वाटत होत्या.

त्याने फोनचा स्पीकर लावला. पारुबाई लसूण सोलत होती, ती सरकून जवळ आली. मिना दारात उभी राहिली.

"मॅडम, काल तुमी फाटकात दीपाबद्दल बोलल्या. ब्लाइथच्या पुढचं मला ऐकू आलं न्हाई." सेवा थांबला, मग एका दमात बोलून मोकळा झाला. "आन् आलं असतं तरी कळलं नसतं. मला इंग्रजी येत न्हाई मॅडम. थोडं थोडं म्हणलो होतो, ते बी येत न्हाई."

"अहो, मग सांगायचं ना! मी बोलते तेव्हा तुम्ही मान हलवता."

"जीप चालवून चालवून हलते ती, मॅडम."

पलीकडे मॅडम मोठ्याने हसल्या. मग विचारात पडल्या. "काय बरं म्हणाले होते मी? खरं सांगू का, राठोड भाऊ, नेमके शब्द आठवत नाहीत. दीपाबद्दल मी नेहमी दोन गोष्टी बोलते. ती वर्गात आली की सगळा वर्ग उजळतो. नवीन आलेली, रडकी पोरं तिच्याजवळ जाऊन बसतात. ही एक. दुसरी, परीक्षा आली, घंटा झाली, कुणी रागावलं, याचं तिला काही वाटतच नाही. हीही खरीच. काल त्यातली कोणती म्हणाले..."

"हात असा केला होता तुमी," सेवा म्हणाला आणि फोनसमोर हात उडवून दाखवला. तो मॅडमना दिसणार नाही हे त्याला नंतर कळलं.

"हात मी नेहमीच करते हो काही तरी."

आता पारुबाईने लसूण खाली ठेवला. "बाई, मी दीपाची दादी बोलून राहिले. हे तुमी मराठीत काहून न्हाई सांगितलं?"

मॅडम इंजिनाच्या धडधडीपासून थोड्या लांब गेल्या.  "आजी, मराठीत सांगायचं तर निवडावं लागतं," त्या म्हणाल्या. "आनंदी म्हटलं की नुसतं कौतुक होतं. बेफिकीर म्हटलं की तक्रार होते. मला दोन्हीतलं एक निवडता येत नाही, म्हणून तो शब्द येतो तोंडात."

"म्हंजी तुमाला बी ठरवता येत न्हाई."

"नाही येत."

पारुबाईने मान हलवली. हे उत्तर तिला आवडलं असावं, कारण तिचा आवाज मऊ झाला. "माझी आजी लदेणीच्या गोष्टी सांगायची. धान्य, मीठ लादून बैलांचा तांडा निघायचा तवाच्या. सगळ्यात पुढं बिनघोर बैल लागायचा. भेदरट बैल पुढं असला की पानाच्या सळसळीनं बी सगळा तांडा उधळायचा. पण बिनघोर बैल बी दोन तऱ्हेचे, बाई. एकाला नदी दिसते. तो थांबतो, वास घेतो, मंग पाय टाकतो. भेत मातर न्हाई. दुसरा भेत न्हाई, कारण त्याला नदी दिसतच न्हाई. दोघं चालताना सारखेच दिसतात. पहिल्याच्या गळ्यात घंटा बांधायची. दुसऱ्याला दोन बैलांच्या मधी घ्यायचं." ती थांबली. "आमच्या पोरीला भेव वाटत न्हाई, का कळत न्हाई? एवढंच सांगा मला."

"ते मला एकटीला नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "आजी, तुम्ही सोमवारी शाळेत या. मागच्या बाकावर बसा. दिवसभर बघा तिला. हेडबाईंना मी विचारते."

फोन ठेवल्यावर पारुबाईने हात पुसले. मग तिने दीपाला हाक मारली. दीपा शेळीच्या पिल्लाला उचलून घेऊन आली.

"त्या दिवशी टेसनावर गेलीस. भेव न्हाई वाटलं?"

"काहून वाटंल? बापू येणार होता की."

"बापूला काय ठाऊक तू कुठं हायस ते?"

"चहावाल्या काकाला मी जीपचा नंबर सांगून ठेवला होता. म्हणलं, बापू सुटायच्या टायमाला शाळेपाशी येतो, दिसला तर सांगा मी हितं हाय."

सेवा आणि मिना एकमेकांकडे बघत राहिले. त्या दिवशी शाळेत फोन त्या चहावाल्याच्याच दुकानातून आला होता, आणि त्याने जीपचा नंबरही सांगितला होता. तो त्याला कुठून मिळाला असेल, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"हे तवाच काहून न्हाई बोललीस?" मिनाने विचारलं.

"कुणी विचारलं? सगळे ओरडून राहिले होते."

पारुबाईच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. पण ती अर्ध्यावर थांबणारी बाई नव्हती. "आन् शाळेत कुणाला सांगितलंस का, मी चालले म्हणून?"

दीपाने विचार केला. पिल्लू तिच्या वेणीचं टोक चघळत होतं. "न्हाई," ती म्हणाली. "ते डोक्यातच न्हाई आलं." आणि ती हसली, कारण पिल्लाने वेणी सोडून आता कान धरला होता.

पारुबाई लसूण सोलायला लागली. सेवाने तिच्याकडे बघून अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, पण काल मॅडमच्या तोंडाचा आला होता तेवढाच आला.

*

सोमवारी पारुबाई पुढच्या सीटवर बसली. तिने आरशांची कांचळी आणि ठेवणीतला घेरदार फेटिया घातला होता, सकाळच्या उन्हात जीपचं छत त्या आरशांच्या कवडशांनी भरून गेलं होतं. दीपा तिच्या मांडीवर. हेडबाईंनी परवानगी दिली की नाही हे निघेपर्यंत कळलं नव्हतं. मॅडमचा निरोप एवढाच होता की विचारलंय, उत्तर यायचंय.

"काय पारुकाकू, तुमी बी शाळेत?" मागून सटवाजीने विचारलं.

"व्हय," पारुबाई म्हणाली. "तू बी चल. घंटा बिघडली तर हॉर्न वाजवायला माणूस लागतो तिथं."

सगळी जीप हसली. सटवाजीने हात पाठीमागे बांधून घेतले आणि हिंगोलीपर्यंत तसेच ठेवले.

फाटकात राजनंदिनी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी सेवाला "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि लगेच जोडलं, "या, राम राम." पहारेकऱ्याने पारुबाईला अडवलं, मॅडम त्याच्याशी काही तरी बोलल्या, तो आत गेला, बाहेर आला आणि फाटक उघडलं. पारुबाईने आत जाताना मागे वळून सेवाकडे बघितलं. "संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. दीपाने तिचा हात धरून तिला ओढत नेलं. चालताना तिने मोकळा हात हवेत उडवला, तसाच, मॅडमसारखा.

सेवाने त्या दिवशी फेऱ्या केल्या, पण चाकांना लाथ मारायची राहून गेली, हे त्याला दुपारी सेनगावच्या स्टँडवर आठवलं. त्याच वेळी फोन वाजला. मॅडमचा निरोप होता, मराठीत लिहिलेला. त्याने तो दोनदा वाचला आणि मागच्या सीटवरच्या कोणालाच दाखवला नाही.

"आजी अजून वर्गातच आहेत. मागच्या बाकावर बसल्या होत्या. दीपाने त्यांना उठवून पहिल्या बाकावर आणून बसवलं आहे."